तार तुटली तर

आमच्या गल्लीत कुणाचं काही चांगलं ठरलं, की ते साळुंखे काकांना सगळ्यांत शेवटी सांगायचं, असं होऊन गेलं होतं. काका मनानं वाईट मुळीच नव्हते. पण आनंदाची बातमी ऐकली की त्यांच्या कपाळावर दोन आठ्या उभ्या राहायच्या, डोळे बारीक व्हायचे आणि मग तो ठरलेला प्रश्न यायचा. शेजारच्या माळींच्या मुलीचं लग्न ठरलं. माळी पेढे घेऊन गेले. काकांनी पेढा हातात धरला, तोंडात टाकला नाही.

"लय चांगलं झालं," ते म्हणाले. "पर तार तुटली तर?"

"कसली तार, काका?"

"म्हंजे हॉलची लाईट गेली, आचारी पळाला, नवऱ्याची गाडी घाटात बंद पडली. धरून चालायचं, माळी."

माळींचं तोंड एवढंसं झालं. माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, ह्या माणसाला परत पेढा द्यायचा न्हाई बघा." आणि लग्नाच्या दिवशी आम्ही हॉलवर गेलो, तर काका आमच्या आधीच येऊन बसलेले. घरची इन्व्हर्टरची बॅटरी रिक्षात घालून आणलेली, ती स्टेजच्या मागं ठेवून शेजारी खुर्ची टाकून बसले होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, लाईट काही गेली नाही. काका तिथून हलले नाहीत, जेवलेही नाहीत. मी ताट वाढून नेलं तर म्हणाले, "कार्य पार पडू द्या, मग बघू."

मी सांगलीत कॉलेजच्या पोरांचे डबे करते. सकाळी उठल्यापासून डबे जाईपर्यंत माझा मुक्काम स्वयंपाकघराच्या खिडकीशी, आणि त्या खिडकीच्या बरोबर समोर, गल्लीपलीकडे, साळुंख्यांचं घर. त्यामुळे काकांना मी जेवढं बघितलंय, तेवढं त्यांच्या मुलीनंही बघितलं नसेल. बाहेर निघाले की फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, गॅसचं बटण हातानं चाचपायचे, पुन्हा फाटकाशी जायचे, कडी ओढून बघायचे. पावसाळ्यात हातात दोन छत्र्या. एक उघडली नाही तर दुसरी. शर्टाच्या खिशात छोटी बॅटरी आणि पक्कड, भर दुपारीसुद्धा. मी ह्या घरात राहायला आले त्याच दिवशी त्यांनी दार वाजवून माझ्या गॅसची नळी वाकवून बघितली होती आणि ती बदलायला लावली होती. ओळख त्यानंतर झाली.

ते मूळचे उंब्रजकडचे. थोरला भाऊ मिलिटरीत, धाकटा ऊस बघायला, आणि मधले हे दातांच्या कवळ्या करायला सांगलीत आले. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि काका घरातल्या खोलीत बसून मेणाचे दात, गुलाबी हिरड्या, पकडीच्या तारा बनवायचे. निम्म्या सांगलीनं काकांच्या दातांनी ऊस खाल्लाय असं माळी म्हणत. कवळीच्या दातांनी ऊस खाता येत नाही हे काका त्यांना दर वेळी गंभीरपणे समजावून सांगत.

पुढं वयोमानानं कवळ्यांचं काम बंद केलं आणि त्याच खोलीत, त्याच कानशी, करवती आणि नळकांड्यांतून रेल्वे उभी राहिली.

रेल्वे म्हणजे पूर्ण स्टेशन. मोठ्या टेबलावर दोन रूळ, फलाट, पाण्याची टाकी आणि सिग्नल. गाड्या विकत आणलेल्या होत्या, त्यांच्याबद्दल काकांना फारसं प्रेम नव्हतं. जीव होता तो सिग्नलवर. आता रुळांशेजारी दिवेच असतात, पण माझ्या वयाच्या लोकांना ते जुने हाताचे सिग्नल आठवत असतील. उंच खांब, त्यावर लाल पाटीचा हात. हात आडवा असला की गाडीनं थांबायचं, खाली कलला की वाट मोकळी. "सिग्नल पडला" असं कुणी ओरडलं की फलाटावरची माणसं पिशव्या उचलायची. काकांच्या लहानपणी घरची सगळी मसूरच्या स्टेशनवर गाडी धरायला यायची, आणि त्यांचे वडील सिग्नल पडल्याशिवाय कुणाला पाणीसुद्धा प्यायला जाऊ द्यायचे नाहीत. काळजी घराण्यातच होती म्हणायची.

काकांचे सिग्नल बोटाएवढे, पण अस्सल हलणारे. हात पितळी पत्र्याचा, शिडी कवळीच्या पकडीला लागते त्या तारेची, तिच्या पायऱ्या एकेक डाख देऊन जोडलेल्या. हाताच्या मुळाशी दोन काचांचा चष्मा, एक काच लाल, एक हिरवी, मागं मुगाएवढा दिवा. ती हिरवी काच खरं म्हणजे निळी. काका सांगायचे, खऱ्या सिग्नलमागं रॉकेलचा दिवा असायचा, त्याच्या पिवळ्या उजेडात निळी काचच हिरवी दिसते. त्यांनी आधी पांढरा दिवा लावला होता, तर हिरव्याऐवजी निळंच दिसायला लागलं. हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण काकांना झोप लागेना. "डायवरला कळायचं न्हाई ना," मला खिडकीतून सांगत होते. डायवर म्हणजे ड्रायव्हर, आणि तो दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या इंजिनात कुठं बसलेला होता देव जाणे. शेवटी त्यांनी दिव्यालाच पिवळा रंग दिला आणि मग दोन दिवस बरे गेले.

रंगकाम हे तर गल्लीवरचं संकट. हात आधी पूर्ण पांढरा रंगवायचा. वाळला की पट्ट्याच्या जागी चिकटपट्टी लावायची, वरून लाल द्यायचा आणि चिकटपट्टी सोलायची, म्हणजे लालावर धारदार पांढरा पट्टा उरतो. मागची बाजू पांढरी, तिच्यावर काळा पट्टा. एवढंसं काम, पण पांढरा ओला असला की काकांच्या जिवात जीव नसायचा. रंगावर काचेची बरणी पालथी घालायचे, दारं लावून घ्यायचे आणि मग माझ्या खिडकीशी यायचे.

"ताई, आज फोडणी देऊ नगा."

"म्हणजे?"

"पांढरा ओला हाय. तुमची हळद उडती. परवा बघितलं, पिवळा ठिपका आला."

"गल्ली ओलांडून माझी हळद तुमच्या बरणीत शिरली?"

"शिरली तर?"

"काका, मी चाळीस पोरांना काय उकडलेलं घालू का?"

ते माझ्या खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून हळद लागते का बघायचे. मग म्हणायचे, "जरा खिडकी लावून फोडणी द्या." आणि मी, डोक्यात राख घालून, वैशाखात खिडकी लावून फोडणी द्यायची. घामानं निथळत मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायची ते इथं लिहीत नाही.

ह्या माणसाबरोबर काकू कशा राहिल्या हा प्रश्न सगळ्यांना पडायचा. काकू गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. काकांच्या काळज्या त्यांनी घरातल्या मांजरासारख्या सोडून दिल्या होत्या, येऊ दे, जाऊ दे. संध्याकाळी काका गाडी चालवायचे आणि सिग्नलच्या दांड्या काकूंकडे असायच्या. सायकलच्या आऱ्या वाकवून केलेल्या त्या दांड्या, प्रत्येकीला गळाची नायलॉनची दोरी, ती टेबलाखालून सिग्नलपर्यंत गेलेली. "आमच्या स्टेशनमास्तर," काका ओळख करून द्यायचे. काकू दांडी ओढताना पदर खोचायच्या, जणू विहिरीचं पाणी शेंदायचंय.

मग काकूंची बोटं सांध्यांत सुजायला लागली. दांडी ओढवेना. काकांनी कुणाला न सांगता सगळे सिग्नल बदलले. हाताच्या टोकाशी वजन वाढवलं आणि दोरी अशी बांधली की दोरीनं हात आडवा धरून ठेवायचा. गाडीला वाट द्यायची झाली की काकूंनी ओढायचं नाही, नुसतं सोडायचं. हात आपोआप पडायचा. काकू खूश.

माझ्या डब्याची काही पोरं एकदा स्टेशन बघायला गेली, मीही मागं उभी होते. फलाटाला एक गाडी उभी, दुसरी सिग्नलबाहेर थांबलेली. काका सगळं समजावून सांगत होते आणि तेवढ्यात दोरी तुटली. सुजलेल्या बोटांसाठी जो हात सहज पडत होता, तो आताही सहज पडला. वाट मोकळी. पोरांतल्या कुणीतरी बटण दाबलं, गाडी आत शिरली आणि उभ्या गाडीवर जाऊन आदळली. डबे पडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

काका पांढरे पडले. मला वाटलं, आता हे खाली बसतात. टेबलाची कड धरून ते म्हणाले, "तार तुटल्यावर हात पडला."

"खेळण्यातलं आहे हो काका," एक पोरगा म्हणाला.

"तार तुटल्यावर हात आडवाच व्हायला पायजे," काका म्हणाले. "सगळं बिघडलं तरी आडवा. त्यासाठीच तर त्यो असतो. आन मी काय केलं?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या माणसाला सिग्नल का आवडतो. जगातल्या सगळ्या गोष्टी बिघडल्यावर घात करतात. नळी फाटली की गॅस सुटतो, कडी निसटली की दार उघडतं. खऱ्या सिग्नलला मात्र खाली एक वजन असतं. तार ओढून ते वजन उचलून धरलं, तरच हात पडतो. तार तुटली, माणूस झोपला, काहीही झालं, की वजन खाली येतं आणि हात आपणहून आडवा होतो. आयुष्यभर काळजी करणाऱ्या माणसाला ही एवढी एकच वस्तू भेटली होती, जी त्याच्यासाठी स्वतः काळजी करत होती. आणि बायकोच्या बोटांच्या मायेपोटी त्यानं तीच उलटी करून ठेवली होती.

त्यांनी सगळे सिग्नल सोडवले. घाटावरच्या कोळ्यांकडून जाळ्याचं शिसं आणलं, प्रत्येकाखाली वजन बसवलं, पुन्हा रंग, पुन्हा माझी फोडणी बंद खिडकीआड.

ते काम संपत आलं होतं तेव्हा काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हसणं राहिलं, तेही अर्ध्या तोंडाचं. डोळे मात्र सगळं बोलायचे. मुलगी मनीषा पुण्याहून आली, महिनाभर राहिली, दोघांना घेऊन जाते म्हणाली. काका तयार झाले नाहीत. चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर हिला खाली कसं आणायचं, हा त्यांचा प्रश्न होता. मनीषानं कपाळावर हात मारला, खोलीत कॅमेरा लावला, फोनवर चित्र दिसतंय ना बघितलं आणि गेली.

काका सगळं करत. अंघोळ, वेणी, भरवणं. पूर्वी केस विंचरायला काकूंना वेळ मिळायचा नाही, आता काका रोज तासभर विंचरत बसायचे. माझ्याकडून दोन डबे जायचे. पण त्यांना मधूनमधून झीट यायला लागली होती. गोळ्या चालू होत्या. एकदा मला म्हणाले, "ताई, मी पडलो तर हिला कळंल. पर ही कुणाला सांगंल?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

आणि ते झालं. मी बाजारात गेले होते, गल्ली आपापल्या कामावर. काका मोरीत चक्कर येऊन पडले. काकू डाव्या हातानं पलंगाच्या दांडीवर फुलपात्र आपटत राहिल्या. भांड्याचा आवाज तो, कुणाला काय वाटणार? कामाला येणारी बाई आली तेव्हा फुलपात्राला पोचे पडलेले होते आणि काकूंचा सगळा चेहरा ओला होता. काका शुद्धीवर येऊन भिंतीला टेकून बसले होते. खोक पडली होती, बाकी निभावलं. मनीषाला फोन केला तर ती म्हणाली, "पण मी सकाळपासून बघतेय, आई-बाबा चहा पितायत." नेट गेलं होतं. पडद्यावर चहाचं चित्र थिजून बसलं होतं.

काकांनी कॅमेरा काढला नाही, पण त्याच्याकडे ते पुन्हा बघेनात. "बिघडलं की मोकळी वाट दावतंय," म्हणाले. "असलं काय कामाचं."

"फोन गळ्यात बांधा," मी म्हटलं.

"फोन करायला मानूस शुदीवर लागतो, ताई."

पुढं कितीतरी दिवस त्यांच्या अंगणातून कानशीचा आवाज येत राहिला. मग एका सकाळी मी खिडकी उघडली तर समोर, त्यांच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यावर, नळाच्या लोखंडी पाइपाचा खांब आणि त्यावर हातभर लांबीचा सिग्नल. लालभडक, पांढरा पट्टा, टोक माझ्या चुलीकडे. हात आडवा. मी बघत असतानाच खट्ट आवाज झाला आणि तो खाली कलला. मग खिडकीत काका दिसले, कपाळाला अजून चिकटपट्टी.

ते मला समजावून द्यायला आले. सायकलच्या ब्रेकची तार खांबापासून खिडकीतून थेट काकूंच्या पलंगापर्यंत नेली होती. तारेच्या टोकाला कडी, आणि पलंगाला, काकूंच्या डाव्या हाताशी, खुंटी. सकाळी उठले की काकांनी तार ओढून कडी खुंटीत अडकवायची, सिग्नल पडणार. रात्री काढून ठेवायची. सकाळी माझी पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत सिग्नल पडलेला दिसला नाही, तर काका उठलेले नाहीत. आणि दिवसा काही झालं तर काकूंनी कडी खुंटीवरून काढायची.

"तिला ओढायचं न्हाई," ते म्हणाले. "नुसतं सोडायचं. वजन खाली येतंय, हात आडवा व्हतोय. तार तुटली तरी आडवाच."

"आणि मी बघितलंच नाही तर?"

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या इतक्या खोल गेल्या की मला माझीच लाज वाटली. "बघते," मी म्हटलं. "बघते हो काका."

त्यांनी खिशातून कवळी ठेवायची गुलाबी डबी काढली. आत घराची किल्ली होती आणि किल्लीखाली कापसात पांढऱ्या पत्र्याच्या दोन पट्ट्या, मधोमध स्क्रूनं जोडलेल्या, एकीवर एक फुलीसारख्या, आणि दोन सुटे स्क्रू.

"हे काय?"

"सिग्नल वापरात नसला की त्यावर फुली लावत्यात रेल्वेवाले. घर बंद झालं की लावा. न्हाईतर तुमी उगंच पळत याल."

"काका, तुम्ही उठा आणि घरी जा," मी म्हटलं. मला राग आला होता. डबी मी फळीवर मिठाच्या बरणीमागं टाकली.

त्यानंतर माझ्या सकाळी बदलल्या. आधी खिडकी, मग देव. हात पडेपर्यंत पीठ मळण्यात लक्ष नसायचं. आष्ट्याला भाचीच्या बारशाला गेले तर तिथं पाळण्याच्या गाण्यात मी माळींना फोन लावत होते, पडला का म्हणून. आमचे हे म्हणाले, तुला साळुंख्यांचा रोग लागला. खरंच लागला होता. गॅस बंद करून मीही परत एकदा बटण चाचपायला लागले.

पहिल्या आठवड्यातच एकदा हात पडला आणि थोड्या वेळानं पुन्हा आडवा. मी पिठाच्या हातानं, डबी घेऊन, अनवाणी धावत गेले. काका व्हरांड्यात उभे, खिडकीतून काकू अर्ध्या तोंडानं हसतायत.

"बघितलं," काका म्हणाले. "येताय का ते बघितलं."

"माझी भाकरी करपली तिकडं. पोरखेळ आहे का हा?"

"भाकरी करपू द्या. खोटा लाल चालतो, ताई. खोटा मोकळा चालत न्हाई."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. दोन्ही दिवस सिग्नल मात्र बघितला. एकदा तारेवर कावळा बसल्यानं कडी निसटून हात आडवा झाला, एकदा पतंगाच्या मांजानं. दर वेळी मी गेले. दर वेळी काका म्हणाले, "छान. आसंच."

मग आषाढातली ती सकाळ. आभाळ भरून होतं, पाऊस नव्हता. सिग्नल वेळेवर पडला होता, काका खिडकीत दिसून गेले होते. निम्म्या भाकऱ्या झाल्या होत्या. खट्ट. मी वर बघितलं. हात आडवा, जरासा थरथरत होता. कावळा नव्हता, मांजा नव्हता. मी गॅस बंद केला, एकदाच, चाचपला नाही, आणि धावले.

काका कवळ्यांच्या खोलीच्या दारात आडवे पडले होते. हातात बारीक ब्रश तसाच, जमिनीवर पांढऱ्या रंगाचा ओघळ. पलीकडे पलंगावर काकूंनी खुंटीवरून सोडलेली कडी मुठीत घट्ट धरलेली. बोटं सुजलेली, पण मूठ सुटत नव्हती. त्यांचे डोळे माझ्यावर आले आणि तिथंच राहिले. मी म्हटलं, "आले मी काकू. आले." मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

माळी आले, ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर अंगणातून नेताना काकांनी डोळे उघडले. ते खालून वर सिग्नलकडे बघत होते. त्या बाजूनं पांढरा रंग आणि काळा पट्टा दिसतो. ओठ हलले. मी वाकले.

"तार तुटली?"

"नाही काका. काकूंनी सोडली."

त्यांच्या कपाळाकडे मी बघतच राहिले. आठ्या नव्हत्या. इतक्या वर्षांत ते कपाळ मी पहिल्यांदा सपाट बघितलं. बरेच वेगळे दिसत होते, तरुण दिसत होते.

"बराबर सोडली," ते म्हणाले.

मिरजेच्या दवाखान्यात माळी गेले. मी काकूंजवळ थांबले, कारण काकांना तेच हवं होतं हे मला माहीत होतं. काकू त्या दिवशी क्षणभरही एकट्या राहिल्या नाहीत. मनीषा वेळेत पोचली, काका तिच्याशी बोलले, आणि मग काही दिवसांनी गेले. मी त्यांना पुन्हा बघितलं नाही.

मनीषानं काकूंना पुण्याला न्यायचं ठरवलं. तळमजल्यावर घर घेतलं होतं, लिफ्ट लागणार नव्हती. गाडीत बसवल्यावर काकूंनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि मान वर करून खांबाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी घरात जाऊन मिठाच्या बरणीमागून डबी आणली.

माळींनी शिडी धरली. मी वर चढले. सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यात दोन बारीक भोकं होती. रोज सकाळी खिडकीतून ती मला दिसायची, वारा जायला असतील असं मी धरून चालले होते. फुलीचे स्क्रू त्यांत बरोबर बसले. काकांनी ती भोकं पहिल्याच दिवशी, रंग द्यायच्या आधी पाडून ठेवली होती. शिडीवर उभी राहून मी रडले, माळी खालून "सावकाश, ताई, सावकाश" म्हणत राहिले. गाडीच्या काचेतून काकू स्क्रू पक्के झाले का ते बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि सवयीनं वर बघितलं. हात आडवा होता. पाय उंबऱ्याकडे वळले आणि मग मला फुली दिसली. मी परत आले, भाकरी उलटली.